आषाढातली कणगी आणि शेतातला वाटा

भीमाशंकरच्या डोंगररांगेत भाताची आवणी आषाढात येते आणि घरातली कणगी रिकामी होते तीही आषाढातच. मागच्या दिवाळीला आलेले भात होळीपर्यंत बरे पुरते, वैशाखात काटकसर सुरू होते आणि मृग बरसला की तळ दिसू लागतो. नवे भात घरात यायला अजून चार महिने असतात. वर्षातले सर्वांत जड काम आणि सर्वांत हलके पोट अशी गाठ या एका महिन्यात पडते. छोट्या शेतकऱ्याला मदत कशी करावी याची चर्चा आपल्याकडे बहुधा बियाणे, खत, कर्जमाफी आणि हमीभाव यांभोवती फिरते. आषाढातल्या या गाठीकडे तिचे लक्ष कमी जाते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या आधाराने ती गाठ कशी पडते, ती सोडवायला आजवर कोणी काय केले आणि शहरातल्या माणसाला त्यात काय करता येण्यासारखे आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

एका तालुक्यात दोन मुलुख

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातात. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, नाणेघाट आणि भीमाशंकरचे जंगल. तिथे पाऊस अफाट, जमीन उताराची आणि खाचरे चिंचोळी. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. पिके म्हणजे भात, नाचणी, वरई, जोडीला हिरडा. पूर्वेला जमीन सपाट होते, पाऊस झपाट्याने कमी होतो आणि कालवे सुरू होतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे पाणी या खालच्या पट्ट्याला आणि त्याही पलीकडे जाते. ऊस, कांदा, द्राक्षे, टोमॅटो ही इथली पिके. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्याबाहेरच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे.

दोन्ही मुलुखांत शेतकरी छोटाच आहे, पण त्याची अडचण वेगळी आहे. पूर्वेकडच्या शेतकऱ्याला पाणी आहे, बाजार जवळ आहे, त्याला मारतो तो भाव. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोला तोडणीचा खर्चही निघेना. पुढे जुलैत तोच टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या वर गेला. ज्याने मधल्या काळात बाग मोडली त्याच्या हाती काही लागले नाही, ज्याची टिकली तो तरला. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याचे भात मुळात बाजारापर्यंत पोहोचते थोडे. त्याला मारते ती वेळ.

नारायणगावात भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांतून आणि शेजारच्या अकोले तालुक्यातून बाया-माणसे तिथे येतात आणि बागाईतदारांच्या गाड्यांतून कामावर जातात. टोमॅटोची तोडणी पावसाळ्यातही चालते. म्हणजे ज्या आठवड्यात डोंगरावरच्या खाचरात चिखलणी होऊन रोपे लावायची, त्याच आठवड्यात खाली रोख मजुरी मिळत असते. कणगीत दाणे असतील तर माणूस आपल्या खाचरात थांबतो. नसतील तर आधी रोख मिळवायला खाली उतरतो, आणि आवणी आठ-पंधरा दिवस मागे पडते. रोप वाढून जून होते, फुटवे कमी येतात, उशिरा निसवलेल्या भाताला परतीचा पाऊस दगा देतो. उत्पन्न घटते आणि पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर रिकामी होते.

पीककर्ज बियाण्याला, खताला आणि औषधाला मिळते. पोटासाठी त्यात फारसे काही नसते. शेताचे भांडवल आणि पोटाचे भांडवल या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि डोंगरी शेतीत दुसरी भागली नाही तर पहिली वाया जाते.

पडकई

या गरजेचे जुने उत्तर श्रमाच्या वाट्यात होते. महाराष्ट्रात त्याला ठिकठिकाणी वेगळी नावे आहेत. कुठे इर्जिक: एखाद्याचे काम अडले की गाव औते घेऊन येते आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. कुठे सावड: आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. एकेक बैल असलेले दोघे मिळून औत जुंपतात तीही सावडच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात याच कुळातला, पण अधिक मोठ्या कामाचा एक प्रकार आहे, त्याला पडकई म्हणतात.

पडकई म्हणजे उतार फोडून भाताचे खाचर घडवणे. हे एका घराच्या आवाक्यातले काम नाही. म्हणून काही घरे एकत्र येतात, सुगी आणि पेरणी यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत पहारी, टिकाव, फावडी, घमेली घेऊन एकेकाच्या जमिनीवर जातात. दगड काढून त्यांचाच बांध रचायचा, वरची माती खाली ओढून सपाटी करायची, पाण्याला वाट ठेवायची. ज्याच्या जमिनीवर काम चालते तो त्या दिवसांचे जेवण पाहतो आणि इतरांच्या पाळीला तितकेच दिवस देतो. पैसा मधे येत नाही. हिशेब मात्र चोख असतो, कारण प्रत्येकाला आपल्या पाळीची वाट असते.

यातली महत्त्वाची गोष्ट ही, की वाटा आगाऊ दिला जातो. पहिल्या घराचे खाचर घडते तेव्हा शेवटच्या घराला अजून काही मिळालेले नसते. त्याने दिलेले दिवस हे एका अर्थी भागभांडवलच आहे, आणि त्याची हमी शेजारधर्माची आहे.

डिंभे धरणाने घोड नदीचे खोरे बुडाले. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही त्या पाण्याखाली गेले. काठावर उरलेल्या कुटुंबांकडे उताराच्या पडीक जमिनी तेवढ्या राहिल्या. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने या लोकांबरोबर दीर्घकाळ काम केले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर शेती, जलाशयातली मासेमारी स्थानिक आदिवासींच्या हाती यावी म्हणून सहकारी संस्था, आणि उतारावर पडकईला पुन्हा चालना, अशी त्या कामाची अंगे होती. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार या कामाला मिळाला.

पुढे कृषी विभागाने पडकईचे नाव घेऊन योजना आखली. अनुदान आले, आणि अनुदानाबरोबर यंत्रेही आली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. त्यानंतर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे अनेकांनी बोट दाखवले. दुसऱ्या बाजूने अतिवृष्टी आणि त्या डोंगराची मूळची ठेवण ही कारणे मांडली गेली. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण एक फरक नोंदवायला हवा. हाताने होणारी पडकई संथ असते. काम करणाऱ्याला त्या उताराखालीच राहायचे असते, आणि कुठला दगड हलवू नये हे सांगणारा म्हातारा बांधावर बसलेला असतो. योजनेत हेक्टर मोजले जातात आणि मार्चअखेर गाठावी लागते. नाव तेच राहिले तरी वाट्याची जागा ठेक्याने घेतली, की कामाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरतो.

सावकार, तगाई आणि खावटी

श्रमाचा वाटा खाचर घडवतो, कणगी भरत नाही. ती भरायला पूर्वी सावकार होता. आषाढात मणभर धान्य द्यायचे आणि सुगीला सवाईने किंवा दिडीने परत घ्यायचे, हा व्यवहार सर्वत्र होता. ठाणे-नाशिकच्या आदिवासी भागात त्याचे आणखी कडवे रूप होते, ते पालेमोड: उभ्या पिकावर आगाऊ पैसे देऊन ठेवायचे आणि कापणीला ते पीक पडत्या भावाने उचलायचे. सावकाराची सोय खरी होती, कारण तो नेमक्या वेळी देत असे. त्या वेळेचीच तो किंमत लावत असे.

या व्यवहाराविरुद्धचा राग पुणे जिल्ह्याने आधी पाहिला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कर्जरोखे हिसकावून जाळले गेले आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्याच सुमारास पश्चिम डोंगरात जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी सावकारांना सळो की पळो करून सोडले होते. १८७६ साली सरकारने त्यांना पकडले. पाठोपाठ कायदे आले. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला कोर्टात थोडे संरक्षण दिले, १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी जमीन सुधारण्यासाठी आणि बी-बैलांसाठी सरकारी तगाई सुरू झाली. पुण्यात न्यायाधीश राहिलेले विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती. लंडनची मंजुरी मिळाली नाही आणि ती कागदावरच राहिली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले.

त्यानंतर अर्ध्या शतकाने काय साधले होते? अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली आला. शेतकरी उचलत असलेल्या शंभर रुपयांतले जेमतेम तीन सहकारी संस्थांकडून येत होते, तेवढेच सरकारकडून, आणि बहुतेक सगळे उरलेले सावकार, व्यापारी, नातेवाईक यांच्याकडून. कायदा सावकाराला रोखू शकत होता. आषाढात त्याच्या जागी उभे राहणे कायद्याला जमत नव्हते.

ते काम महाराष्ट्राने नावानिशी हाती घेतले ते खावटी कर्जाने. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी १९७६ साली कायदा झाला, आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि १९७८ पासून पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांसाठी खावटी देण्यात येऊ लागली. हा शब्दच नेमका आहे. खाण्यासाठी दिलेले ते खावटी. शेताच्या कर्जाहून पोटाचे कर्ज वेगळे आहे, हे सरकारी कागदाने इथे मान्य केले.

पण खावटीचा जीव वेळेत आहे आणि तिथेच ती चुकत राहिली. मधली काही वर्षे योजना बंद होती. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीनंतर ती एका वर्षासाठी अनुदान म्हणून पुन्हा सुरू झाली: कुटुंबाला चार हजार रुपये, त्यातले निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा. त्याचा शासननिर्णय निघाला सप्टेंबरात, म्हणजे आषाढ-श्रावण उलटून भाद्रपद लागल्यावर. वाटप तर पुढच्या वर्षापर्यंत लांबले. त्याच २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या डोंगरातल्या हिरड्याचे मोठे नुकसान केले होते. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकायचा आणि त्या पैशांत पावसाळ्याची बेगमी करायची, हा इथल्या घरांचा ठरलेला आधार. तो गेला, आणि भरपाईसाठी पुढे कित्येक वर्षे मोर्चे काढावे लागले. चार महिने उशिरा आलेली खावटी ही रक्कम म्हणून पूर्ण असते, पण तोपर्यंत माणूस मजुरीला उतरून गेलेला असतो.

भाग घेणे: साखरेतले आणि भाजीतले

पूर्वेकडच्या पट्ट्याने ‘भाग’ हा शब्द वेगळ्या अर्थाने ओळखला. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांनी थोडे थोडे पैसे घालून कारखान्याचे भाग घेतले आणि आपल्याच मालाचा गिऱ्हाईक आपणच उभा केला. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे कारखाने त्याच वाटेचे. यात शेतकऱ्यांनी एकमेकांच्या पैशाला आधार दिला. उसाला तोडणीआधीच गिऱ्हाईक ठरलेले असते आणि किमान दर कायद्याने ठरतो, हा त्याचा मोठा लाभ. भाताला, नाचणीला, भाजीला असा गिऱ्हाईक कोणी उभा केला नाही.

तो उभा करण्याची एक रीत जगात दुसरीकडे घडली. १९७१ च्या सुमारास जपानमध्ये शहरातल्या गृहिणी आणि गावातले शेतकरी यांनी थेट करार सुरू केले. औद्योगिक प्रदूषणाने आणि कीटकनाशकांनी धास्तावलेल्या घरांना खात्रीचे अन्न हवे होते, शेतकऱ्यांना खात्रीचे गिऱ्हाईक. या रीतीला ‘तेइकेइ’ म्हणतात. भागीदारी हा त्याचा साधा अर्थ. १९७८ साली जिनिव्हाजवळ आणि १९८६ साली अमेरिकेच्या ईशान्येकडील दोन शेतांवर याच धर्तीचे प्रयोग सुरू झाले आणि पुढे शेकडोंनी पसरले. गाभा सगळीकडे सारखा आहे. काही कुटुंबे हंगामाच्या सुरुवातीलाच शेताचा वाटा विकत घेतात. पीक आले की त्यातला वाटा घरी येतो. पीक चांगले आले तर वाटा मोठा, गारपीट झाली तर लहान. पैसे मात्र ठरलेलेच.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत दर आठवड्याला भाजीची टोपली घरपोच देणारे गट आहेत, शेतकऱ्यांचे आठवडे बाजार आहेत. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाल्यावर थेट विक्री सोपीही झाली. या सगळ्यांत मधला माणूस कमी होतो हे खरे. पण गिऱ्हाईक पैसे देतो ते माल हाती आल्यावर, आणि माल आला नाही तर दुसरीकडून घेतो. आषाढाचा भार आणि नुकसानीचा भार शेतकऱ्याकडेच राहतो. वाटा आणि खरेदी यांतला हा फरक आहे.

एक हिशेब

डोंगरातल्या भाताला ही रीत लावून पाहू. आकडे मांडणीपुरते घेतले आहेत.

एका घराचे एकरभर खाचर आहे. मध्यम वर्षी १२ क्विंटल भात होते, त्याचा साधारण ७८० किलो तांदूळ. घर ४८० किलो स्वतःला ठेवते आणि ३०० किलो द्यायला तयार आहे. शहरातली दहा घरे प्रत्येकी ३० किलोचा वाटा घेतात. ७० रुपये किलोने प्रत्येकाचे होतात २,१००. त्यातले निम्मे, म्हणजे १,०५०, ज्येष्ठात द्यायचे आणि निम्मे दिवाळीनंतर, तांदूळ आल्यावर. शेतकऱ्याच्या हाती आवणीआधी १०,५०० रुपये येतात. खावटीच्या चार हजारांशी ही रक्कम ताडून पाहावी. महिना-दीड महिना घराला खाली उतरावे लागणार नाही, एवढे तिच्यातून होते.

आता वाईट वर्ष घेऊ. परतीच्या पावसाने पाऊण पीकच हाती आले. तांदूळ होतो ५८५ किलो. घराच्या वाट्यालाही घट येते, ३६० किलो, आणि प्रत्येक वाटेकऱ्याला ३० ऐवजी साडेबावीस. पैसे मात्र २,१०० च. वाटेकऱ्याला तांदूळ ९३ रुपये किलोने पडला. त्याचे नुकसान झाले सुमारे सव्वापाचशे रुपयांचे, आणि ते दहा घरांत विभागले गेले. हेच १०,५०० शेतकऱ्याने कर्जाऊ घेतले असते तर पाऊण पिकातून पूर्ण कर्ज फेडावे लागले असते, म्हणजे सगळी घट त्याच्या कणगीतून गेली असती.

तांदूळ या व्यवहाराला भाजीपेक्षा सोयीचा आहे. तो टिकतो, वर्षातून एकदाच पोहोचवायचा असतो, त्याला रोज गाडी लागत नाही. शिवाय आंबेमोहोर, रायभोग यांसारख्या जुन्या जातींना भाव द्यायला तयार असणारी घरे शहरात आहेत. त्या जातींचे उत्पन्न कमी म्हणून शेतकरी त्या सोडतो. आधीच ठरलेला वाटा असला तर एखादे खाचर त्यांच्यासाठी राखता येते.

अडचणी

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. पहिली अडचण विश्वासाची. दहा घरांनी ज्येष्ठात पैसे द्यायचे ते कोणाच्या भरवशावर? एकट्या शेतकऱ्याशी करार करण्यापेक्षा वस्तीवरच्या सात-आठ घरांच्या गटाशी तो करणे बरे. पडकईत ज्यांनी एकमेकांना दिवस दिले आहेत, त्यांना एकमेकांचा हिशेब ठेवण्याची सवय आहे. एकाचे बुडाले तर गटातून थोडे भरून निघते, आणि कोणी टाळाटाळ केली तर शेजारीच विचारतात.

दुसरी अडचण भात कांडण्याची आणि नेण्याची. गिरणी, पोती, टेम्पो यांचा खर्च किलोमागे धरलाच पाहिजे, नाहीतर ७० रुपयांचे ५५ कधी होतात ते कळत नाही. तिसरी अडचण वाटेकऱ्याच्या मनाची. चांगल्या वर्षी सगळे खूश असतात. कसोटी लागते साडेबावीस किलोच्या वर्षी. त्या वर्षी निम्मी घरे गळाली तर पुढचा आषाढ पुन्हा पहिल्यासारखा. म्हणून सुरुवातीलाच तीन वर्षांचा शब्द घेतलेला बरा.

आणि सर्वांत मोठी अडचण आकाराची. दहा घरांचा वाटा एका खाचराला पुरतो. दोन तालुक्यांचा डोंगर असा तरणार नाही. त्यासाठी वेळेवर मिळणारी खावटी लागेलच. हिरड्याला भाव, वनहक्क आणि रोजगार हमीची कामे पावसाआधी निघणे हेही लागेल. वाटेकरी हे सरकारला सुट्टी देण्याचे कारण होऊ नयेत. त्यांचा उपयोग आणखी एका कारणासाठी आहे: ज्याचा शेतात वाटा असतो तो माणूस पावसाची बातमी वेगळ्या कानांनी ऐकतो, आणि खावटी सप्टेंबरात निघाली तर ती का उशिरा निघाली हे विचारतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा डोंगरात कापणी झालेली असेल, खळ्यावर झोडणी चालू असेल आणि कणग्या भरत असतील. तांदूळ विकत घ्यायला हे दिवस चांगले आहेत, आणि तो कोणाकडून घ्यावा याची ओळख करून घ्यायलाही. पुढच्या वर्षीचा शब्द मात्र त्याच वेळी बोलून ठेवावा, आणि पैसे पोहोचवायचे ते ज्येष्ठात, मृगाच्या आधी.